उंबऱ्यावरचं बटन

तापात माझे कान गेले, त्याला तीन वर्षं झाली. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं कळतं, पण पाठीमागून हाक मारणाऱ्याचं काय करू? गेल्या खेपेला माझी लेक ठकी तान्ह्या मोतीला घेऊन दारात आली. भाकरतुकडा ओवाळल्याशिवाय बाळाला घरात आणत नाहीत. मी आत चुलीशी. दोघी घटकाभर उन्हात उभ्या आणि मला पत्ताच नाही. आठवलं की अजून स्वतःचाच राग येतो.

आमच्या ह्यांना, म्हणजे भिवपुरीच्या पावरहाउसातल्या हिरामण वायरमनला, तेवढं निमित्त पुरलं. मोडक्या खेळण्यातली मोटर आणली, तिच्या दांड्याला एका बाजूने शिशाचा तुकडा चिकटवला आणि ती माझ्या पाटाखाली बसवली. मोटर फिरली की पाट थरथरणार. चार सेल थेट जोडले, तर पाट मला घेऊन उडायलाच निघाला. दोन सेलांवर मुंगी चालल्याएवढंही कळेना. मग चार सेल आणि वाटेत टॉर्चचा बल्ब. बल्बाने थोडा जोर खाल्ला आणि पाट मांजरासारखा गुरगुरू लागला. बटन कुठे, तर उंबऱ्यावर! "दारात आलेल्याचा पाय पडंलच की," हे म्हणाले.

पण आठ दिवस पाट गप्प. शेजारची धोंडूबाई रोज यायची, पाठीवर थाप मारायची, मी दचकायची. संध्याकाळी हे अंगठ्याने बटन दाबत, पाट झकास थरथरे, आणि हे डोकं खाजवत बसत.

ठकी यायच्या दिवशी माझा त्या यंत्रावर काडीचा भरवसा नव्हता. एक भाकरी थापायची, दारापर्यंत फेरी मारायची. दोन भाकऱ्या करपल्या. तिसरी थापत होते, आणि पाट थरथरला.

पिठाच्या हातांनी धावले. ठकी बाहेर उभी, पोट धरून हसत होती. वर्षाची मोती मात्र चौकट धरून, दोन्ही पाय उंबऱ्यावर रोवून, बटनावर थयथय नाचत होती.

"उंबऱ्यावर पाय देऊ नाय गं, बाय!" ठकी तिला सांगत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आठ दिवस येणारं प्रत्येक माणूस, बटन बसवणाऱ्यासकट, उंबरा ओलांडून आत येत होतं. भाकरतुकडा ओवाळताना मला हसू आवरेना, रडूही आवरेना.

संध्याकाळी हे खजील होऊन पान्हा घेऊन बसले. "बटन कडीशी लावू का गं?"

"लोकांसाठी दुसरं लावा तिथं," मी म्हणाले. "ह्याला हात लावू नका. ह्ये माझ्या नातीचं हाय."