आजींचा फोन

समीक्षाने गोळ्यांचं पाकीट उलटं धरलं आणि एकेका खळग्यावरून अंगठा फिरवला. सगळे फोडलेले. ते बाजूला ठेवून तिने पुढचं उचललं. काचेपलीकडे देवराम तोंडाला रुमाल लावून उभा होता. टोपी आज त्याने पार कानांपर्यंत ओढली होती.

"काय झालं हो, आजोबा?"

"दाढ ठणकते, बाय," तो रुमालातूनच म्हणाला.

कोपरीतल्या औषधाच्या दुकानामागे गोळ्या बनवणाऱ्या कंपनीची ही एवढीशी खोली होती. रक्ताच्या कर्करोगावरच्या गोळ्या इथे फुकट मिळत. बाहेर घ्यायला गेलं तर महिन्याला एक दुभती म्हैस जाते, असं देवराम सांगायचा, आणि त्यात फार काही चुकीचं नव्हतं. पण कंपनीने दानधर्मही डोळे मिटून मांडलेला नव्हता. रेशनकार्ड पिवळं नाहीतर केशरी हवं. गोळ्या कोणी विकू नयेत म्हणून मागची रिकामी पाकिटं परत आणायची. आणि पेशंटशी फोनवर बोलल्याखेरीज नवीन पाकिटं हातात द्यायची नाहीत.

देवराम यायचा तो बायकोच्या, रंगूबाईच्या गोळ्या न्यायला. तिचा फोन लावायचा असला की समीक्षाला बरं वाटायचं. खडवलीहून ती एवढ्या मोठ्याने बोलायची की मध्ये फोन कशाला, असं वाटावं. दुखण्याचं दोन शब्दांत उरकायची आणि शेवटी हटकून म्हणायची, "म्हाताऱ्याच्या मिशीला चहा लागला असंल बघ. म्हणावं, मिशी पूस." निरोप मिळाला की देवराम लाजत आपली झुबकेदार पांढरी मिशी पुसायचा. चहा खरंच लागलेला असायचा.

शेवटची दोन पाकिटं समीक्षाच्या हातात आली. बाकीच्यांवर हळदीची बोटं उमटली होती, कडा मऊ पडल्या होत्या. ही दोन मात्र कोरी करकरीत होती, बसल्या बैठकीला सगळ्या गोळ्या काढून घेतल्यासारखी. तिचा अंगठा थांबला. मग तिने ती दोन्ही बाकीच्यांच्या वर ठेवली.

भिंतीलगतच्या बाकावर डोंबिवलीची वैशाली बसली होती. तिच्या नवऱ्याला, सुमितला, हाच आजार आणि याच गोळ्या. कार्ड तेवढं पांढरं. सुमितला नोकरी होती तेव्हाचं ते. आजारात नोकरी गेली, रंग राहिला. कार्ड बदलून यायचं तेव्हा येईल, तोवर कंपनीने गोळ्या द्याव्यात असा अर्ज समीक्षानेच तिला लिहून दिला होता. तो गुरुदत्त सरांच्या टेबलावर पडून होता. सर माणूस वाईट नव्हते, पण सही करताना त्यांचा हात जड व्हायचा. तिकडे दागिने मोडून आणलेल्या गोळ्या गेल्या आठवड्यातच संपल्या होत्या.

एरवी वैशाली दारातूनच "सर, झालं का माझं?" करत यायची. आज तिने विचारलं नव्हतं. पर्स पोटाशी धरून ती देवरामच्या पाठीकडे बघत होती. दर महिन्याला दोघांची गाठ याच बाकावर पडायची. तिच्या डब्यातली पोळीभाजी तो खायचा, त्याच्या वाडीतली वांगी ती घरी न्यायची.

"आटप, समीक्षा," मागून गुरुदत्त म्हणाले. "फोन लाव आणि मोकळं कर त्यांना."

तिने नंबर लावला.

"ती वाडीत गेली असंल," देवराम घाईघाईने म्हणाला. "फोन घरातच ऱ्हातो तिचा."

रिंग वाजत राहिली. मान खाली घालून देवराम काचेच्या फटीतून ती ऐकत होता, जणू खडवलीच्या घरात आत्ता कोणीतरी हात पुसत फोनकडे येईल. ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला त्याने रुमाल वर नेला.

मिशी नव्हती. वरचा ओठ गुळगुळीत होता, रापलेल्या चेहऱ्यात तेवढाच फिका. टोपीखालीही काही नसणार, हे समीक्षाला कोणी सांगायला नको होतं. मूलबाळ नाही, तेव्हा अग्नी त्यानेच दिला असणार.

एवढ्या मोठ्या आवाजाची बाई गेली आणि आपल्याला ते असं, न बोलता कळावं, याचं तिला रडू आलं. देवरामच्या ध्यानात आलं तसा त्याने रुमाल खाली ओढला. त्याने एकदा बाकाकडे वळून बघितलं, आणि मग तिच्याकडे. वैशालीने मान खाली घातली.

"लागला का?" गुरुदत्तांनी विचारलं.

नाही म्हटलं तर पाकिटं परत कपाटात आणि वैशाली रिकाम्या हाताने डोंबिवलीला जाणार होती. हो म्हटलं आणि उद्या उघडकीला आलं, तर तिची नोकरी जाणार होती. रिंग अजून वाजतच होती.

"हॅलो, आजी!" समीक्षा म्हणाली. आवाज जरा जास्तच मोठा लागला. "हो, देतेय ना गोळ्या. जेवण जातंय का? बरं... बरं, सांगते."

तिने फोन ठेवला आणि नव्या पाकिटांची पिशवी काचेखालून पुढे सरकवली.

"आजोबा, आजींनी सांगितलंय, मिशी पूस."

देवरामचा हात सवयीने वर गेला. ओठापाशी जाऊन तो थोडा वेळ तिथेच राहिला. मग पिशवी छातीशी धरून तो बाहेर पडला. त्याच्यामागोमाग वैशालीही उठली, आणि अर्जाचं न विचारताच गेली.

समीक्षाने गुरुदत्तांच्या गठ्ठ्यातून सुमितचा अर्ज ओढून काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"हा या महिन्यात व्हायला हवा, सर."

"एवढी कसली घाई?"

ती रिकामी पाकिटं गोळा करत होती. ती दोन कोरी पाकिटं तिने बाकीच्यांच्या मध्ये घातली.

"पुढच्या महिन्यात आजींचा फोन लागायचा नाही," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली.