एकाच नावाचे दोन भाऊ

टार्बेलांच्या घरात एक एनॉस असायचाच. पहिला एनॉस टार्बेल सोळाशे अडतीस साली इंग्लंडहून जहाजानं आला, मॅसॅच्युसेट्सच्या खाडीकाठचं रान तोडून त्यानं घर उभं केलं, आणि तेव्हापासून थोरल्या मुलाला त्याचंच नाव ठेवायची रीत पडली. थोरला दगावला तर ते नाव पाठच्या भावाकडे जायचं.

यंदा अडचण वेगळी होती. सायलसचा थोरला एनॉस सहा वर्षांचा होता, जिवंत होता, पण त्याचं हृदय अधू होतं. तीन आठवड्यांपूर्वी त्याला भाऊ झाला. चांगला गुटगुटीत. रविवारी त्याचा बाप्तिस्मा होता आणि सायलसला एनॉस हेच नाव त्याला द्यायचं होतं.

"थोरल्याच्या देखत?" लव्हिना आत्यानं विचारलं होतं.

"डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस, आत्या. नाव टिकायला नको का? पूर्वी कुणी असं केलंच नसेल तर मी गप्प बसतो. दाखव मला."

म्हणून गुरुवारी लव्हिना नगर कचेरीत जाऊन बसली. अडुसष्ट वर्षांची, बिनलग्नाची, जन्मभर शाळेची बस चालवलेली बाई. तिच्याजवळ आजोबांनी छापून घेतलेला वंशाचा तक्ता होता. त्यात सगळं सरळ होतं. पहिल्या एनॉसचा थोरला मुलगा फेब्रुवारी सोळाशे छप्पन्नमध्ये पुरला, दुसऱ्याला तेच नाव एप्रिल छप्पन्नमध्ये दिलं. आधी मरण, मग नाव. कचेरीतल्या जन्ममृत्यूच्या मूळ वहीत तेवढं एकदा पाहून घ्यायचं, म्हणजे सायलसचं तोंड बंद.

तारखा त्याच निघाल्या. कचेरीतली मर्सी खांद्यावरून डोकावली.

"हे तक्तेवाले सगळे इथंच आपटतात," ती म्हणाली. "अगं, तेव्हा वर्ष पंचवीस मार्चला सुरू व्हायचं. छप्पन्नचा एप्रिल आधी आला. फेब्रुवारी त्या वर्षाच्या शेवटी."

लव्हिनानं बोटांवर महिने मोजले. म्हणजे धाकट्याला नाव दिलं तेव्हा थोरला जिवंत होता. आणि दहा महिन्यांत गेला.

पुरल्याच्या नोंदीत नाव नव्हतं. 'टार्बेलचं एक मूल' एवढंच होतं. तिनं पुढची पिढी पाहिली, तिच्या पुढची पाहिली. तिथंही आधी नाव, मग मरण. तिन्ही पोरं भर हिवाळ्यात गेलेली, तिन्ही नोंदी बिननावाच्या.

"गारठलीस का गं?" मर्सीनं विचारलं. "खिडकी लावू?"

शनिवारी ती ओबेद काकांकडे गेली. काका ब्याण्णव वर्षांचे, तिच्या वडिलांचे मोठे भाऊ. भट्टीत शेंगदाण्याच्या रंगाचा घेवडा शिजत होता, दर शनिवारसारखा. तिनं तक्ता समोर ठेवला आणि आजोबांची चूक सांगितली.

"चूक कसली," काका म्हणाले. "माझ्या बापाला तारखा चांगल्या कळायच्या. त्या तक्त्यात मी कुठे दिसतो ते बघ."

"तुम्ही आहात की. ओबेद, दुसरा मुलगा. आणि माझे बाबा एनॉस, पहिला."

"तुझा बाप माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. मग मी दुसरा कसा?"

लव्हिनानं तक्ता पुन्हा जवळ ओढला.

"माझ्या आधी एक होता," काका म्हणाले. "त्याचंही नाव एनॉस. पाय लुळे होते. मी पाच वर्षांचा असताना तुझ्या बापाला ते नाव दिलं. त्या दिवसापासून थोरल्याला हाक मारायची पंचाईत. दोन-चार दिवस 'अरे' झालं, 'तो' झालं. मग काहीच नाही. आई पानं वाढायची आणि त्याचं वाढायला विसरायची. मी आठवण केली की कपाळावर हात मारायची, रडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विसरायची. कुणी बोट लावलं नाही त्याला, पोरी. जानेवारीत गेला तेव्हा वर त्याच्या खोलीतली शेकोटी किती दिवस विझलेली होती, कुणालाच सांगता येईना."

"आणि तुम्ही?"

"मीसुद्धा विसरू लागलो होतो," काका म्हणाले आणि भट्टीकडे वळले. "घेवडा खाऊन जा."

तिनं खाल्ला नाही. रात्री तिनं सायलसला फोन करून सगळं सांगितलं. तो हसला.

"म्हणजे पूर्वी करायचे तर," तो म्हणाला. "मिटलं की मग."

रविवारी सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर ती सायलसच्या गाडीची वाट पाहत होती. बाळाला वेदीपाशी नेऊन पाद्रीबाबांच्या कानात नाव सांगायचा मान घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा, म्हणजे तिचाच. गाडीतून सायलस उतरला, बाळाला घेऊन त्याची बायको कोरिन उतरली. मागची सीट रिकामी होती.

"थोरला कुठंय?"

"कोण?" कोरिन म्हणाली. मग तिचा चेहरा क्षणभर गोंधळला. "हां. घरी आहे. झोपला होता."

"त्याच्याजवळ कोण आहे?"

कोरिननं सायलसकडे पाहिलं. सायलसनं कोरिनकडे पाहिलं. दोघांनाही दुसऱ्यानं काहीतरी केलं असेल असं वाटत होतं.

"सकाळचं औषध दिलंस?" लव्हिनानं विचारलं.

"दिलं असेल," कोरिन म्हणाली. "काल... काल तरी दिलं असणार."

आत वाद्य सुरू झालं. अजून नाव दिलेलंही नव्हतं, नुसतं ठरलं होतं. लव्हिनानं बाळ घेतलं, तडक वेदीपर्यंत गेली. पाद्रीबाबांनी कान पुढे केला. ती कानात बोलली नाही. सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जोएल."

पाणी पडलं. बाळ रडलं. "आत्या, हे काय केलंस?" सायलस दबक्या आवाजात म्हणाला. तिनं बाळ त्याच्या हातात दिलं, दुसऱ्या हातातला गाडीच्या आणि घराच्या किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला आणि बाहेर पडली.

घर बंद होतं. आत गारठा होता. स्वयंपाकघरात दोनच ताटल्या, दोनच पेले. औषधाच्या डबीत शुक्रवारपासूनच्या गोळ्या तशाच होत्या.

"एनॉस!" तिनं जिन्याखालून हाक मारली.

वर काही हललं नाही.

ती कठडा धरून चढू लागली. तिचे गुडघे दुखत होते. "एनॉस. एनॉस टार्बेल."

वरच्या खोलीतून बारीक, कोरडा आवाज आला. "कोणाला हाक मारतेस?"

"तुलाच," ती म्हणाली आणि न थांबता चढत राहिली. "बोलत राहा. मी आलेच."