निळी वाटी

थोंगदीने मिटलेली छत्री फणसाच्या बुंध्याला टेकवली आणि चपला काढल्या. त्याचं पाहून चौघा पाहुण्यांनीही काढल्या. विहाराच्या मागच्या या अंगणात तशी सक्ती नव्हती. भिंतीलगत अस्थिस्तूपांची एक रांग होती, कंबरेएवढ्या उंचीची, पावसापाण्यानं काळवंडलेली. काहींवर नावाची पाटी होती, काहींवर फोटो, काहींवर काहीच नाही.

ऑस्ट्रेलियातून आलेल्या जोडप्यातल्या नवऱ्याने खांद्यावरची पिशवी काढून शेवटून तिसऱ्या स्तूपाच्या कठड्यावर ठेवली. उंच डच तरुणाने पिशवीशेजारी पाण्याची बाटली ठेवली. थोंगदीने ते पाहिलं. तिथे सावली पडते, त्यामुळे सामान नेहमी तिथेच ठेवलं जाई. त्या स्तूपाकडे पाठ करून त्याने सगळ्यांना पलीकडच्या स्तूपासमोर उभं केलं. त्यावर पाटी नव्हती. गिलाव्यात फक्त एक चिनी मातीची वाटी बसवलेली होती. तिची निळी कड एका जागी उडाली होती.

"इथे जिच्या अस्थी आहेत, तिचं नाव कुणालाच ठाऊक नाही," त्याने इंग्रजीत सुरुवात केली, आणि आवाज आपोआप खाली आला.

अकरा वर्षांत ही गोष्ट इतकी घोटली गेली होती की कुठल्या वाक्याला पाहुणे मान हलवतात हेसुद्धा त्याला ठाऊक होतं. ती नाचायची. तिचा प्रियकर एका संध्याकाळी मेखोंग नदी ओलांडून पलीकडच्या देशात गेला, आठ दिवसांत येतो म्हणाला. त्यानंतर ती रोज संध्याकाळी काठावर जाऊन बसायची. निळ्या कडेच्या वाटीत त्याच्यासाठी भात, वरून केळीचं पान झाकलेलं. पलीकडच्या काठावर दिवे लागेपर्यंत बसायची. मग भात काठावरच्या कुत्र्यांना घालायची आणि रिकामी वाटी घेऊन परत यायची. अशी एकवीस वर्षं.

ऑस्ट्रेलियन बाईने नाकाला रुमाल लावला. तो लागायचाच. सहलीच्या कचेरीतल्या वहीत लोक लिहून जात की शहरातला सोनेरी स्तूप पाहिला नाही तरी चालेल, नाचणारीची गोष्ट चुकवू नका. ड्रायव्हर सोमचित तर सकाळी गाडी सुरू करतानाच म्हणाला होता, "दादा, आज तुमच्या नाचणारीला जरा लवकर मारा. ऊन फार आहे, आणि मला पपईची कोशिंबीर संपायच्या आत बाजार गाठायचाय."

चौथी पाहुणी मात्र स्तूपाकडे पाहत नव्हती. ती थोंगदीच्या तोंडाकडे पाहत होती. साठीच्या पुढची बाई, मोठी टोपी, काळा चष्मा. कचेरीच्या यादीत तिचं आडनाव फ्रेंच होतं. सकाळपासून ती दोन-चार शब्द बोलली होती, तेही इंग्रजीत. विजयतोरणाच्या कमानीवर चढायला तिने नकार दिला होता. हातात कापडी पिशवी होती, ती तिने कुठेच ठेवली नव्हती.

"आता पुढे नदी," थोंगदी म्हणाला. "दहा मिनिटं. फोटो काढून घ्या."

तिघे पायऱ्यांकडे गेले. तो छत्री घ्यायला वळला.

"दादा, जरा थांबाल का?"

छत्रीच्या मुठीवरचा त्याचा हात तिथेच राहिला. बोली इथलीच होती, आणि तीही जुनी, सकाळी भरणाऱ्या बाजारामागच्या गल्ल्यांतली, आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरलेली.

"तुम्ही आपल्याकडच्या?"

"मी मालीवान. बाजारामागे राहायचो आम्ही, बर्फाच्या कारखान्याच्या गल्लीत."

"आणि सकाळी मी तुम्हाला..." सकाळी त्याने तिला चिकट भाताचा गोळा तीन बोटांत कसा वळायचा ते करून दाखवलं होतं. तिचा हात धरून.

"छान शिकवलंत," ती म्हणाली. "माझी आई शिकवताना थापट मारायची. तुम्ही नाही मारलीत."

तो हसला. ती हसली नाही. चष्मा काढून तिने कापडी पिशवीत ठेवला आणि स्तूपाजवळ जाऊन निळ्या वाटीच्या उडालेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हे माझ्या हातून झालं होतं. नऊ वर्षांची होते. दुपारभर उपाशी ठेवलं होतं मला." अंगठा तसाच फिरत राहिला. "ही माझी आई, दादा."

थोंगदीचे हात जोडले गेले. पाहुण्यांना नमस्कार करताना ते छातीशी थांबत. आता ते कपाळापर्यंत गेले आणि खाली यायला तयार होईनात. त्यांच्याआड त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता, एवढंच बरं होतं.

"नाचणारी!" मालीवान म्हणाली. "तिने ऐकलं असतं ना, तर शेवयांच्या पळीने बदडलं असतं तुम्हाला. शेवया विकायची ती. दिवसभर चुलीपुढे उभी. संध्याकाळी पाय असे सुजायचे, की चपलांचे अंगठे कापून ठेवले होते तिने. आणि तुम्ही तिला नाचवलीत."

"ताई, मी..."

"प्रियकर पण दिलात एक! बाबा गेल्यावर तिच्याकडे वळून बघायची कुणाची छाती नव्हती. एवढी तोंडाची तिखट."

पायऱ्यांवरून ऑस्ट्रेलियन नवऱ्याच्या हसण्याचा आवाज आला. रस्त्यावर सोमचितने एकदा हॉर्न वाजवला, आठवण करून द्यायला. मालीवानने अंगठा वाटीवरून काढला.

"ते जाऊ दे. लोकांच्या तोंडी गोष्ट बदलत जाते, मला कळतं. मला दुसरंच विचारायचंय." तिने पिशवीचे बंद हाताभोवती गुंडाळले. "काठावर बसायची म्हणालात. ते कुणी सांगितलं तुम्हाला?"

थोंगदीला प्रश्न लगेच कळला नाही.

"राज्य पालटलं, लोक नदीपार पळायला लागले, तेव्हा मीही गेले, एकोणीस वर्षांची होते," ती म्हणाली. "मीठ आणायला जाते म्हणून सांगून निघाले. 'जाडं आण,' एवढंच म्हणाली आई, वरसुद्धा पाहिलं नाही. पलीकडच्या निर्वासित छावणीतून पत्रं घातली, पोचली की नाही ठाऊक नाही. मग फ्रान्स. खूप वर्षांनी शेजारणीचं एक पत्र आलं. आई गेली, नदीकाठच्या विहारात फणसाखाली ठेवलीय, निळी वाटी बसवलीय खुणेला. संपलं. रागावली होती का, कुणाशी माझं बोलायची का, काही नाही. यायचं यायचं म्हणत मी म्हातारी झाले. इथवर येऊनही एकटीनं या अंगणात पाय टाकायची हिंमत नव्हती, म्हणून गोऱ्यांच्या घोळक्यात लपून आले. आणि तुम्ही म्हणता ती रोज बसायची. भात घेऊन." तिने त्याच्याकडे पाहिलं. "ते खरं आहे ना?"

वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. इथले मोठे भन्ते सांगायचे, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. भन्ते जाऊन सहा वर्षं झाली होती, विचारायला कुणी उरलं नव्हतं. एका वाक्याने ही बाई हलकी होऊन विमानात बसली असती. अकरा वर्षांत त्याने कितीतरी कमी गरजेपायी कितीतरी मोठी वाक्यं ऐकवली होती.

"इथले मोठे भन्ते होते," तो म्हणाला.

ती एक पाऊल पुढे आली. त्या एका पावलानेच त्याची जीभ अडली. त्याने खाली पाहिलं. फरशीवर त्याचे स्वतःचे अनवाणी पाय होते, आणि समोर तिचे. तिनेही चपला काढलेल्याच होत्या.

"नाही," तो म्हणाला. "भन्त्यांनी नाही सांगितलं. कुणीच नाही. तुमच्या आईबद्दल मला काही ठाऊक नाही, ताई. मी रचली गोष्ट."

मालीवानने पिशवीत चष्मा चाचपला, सापडला, पण घातला नाही.

"बसणंसुद्धा?"

"बसणं..." त्याने छत्री उचलून हातात घेतली. "बसणं रचलेलं नाही. ते दुसऱ्या बाईचं."

"कुणाचं?"

स्तूपाकडे बोट दाखवत नाहीत. त्याने तळहात उलगडून शेवटून तिसरा स्तूप दाखवला. त्याच्या कठड्यावर ऑस्ट्रेलियन माणसाची पिशवी होती आणि डच तरुणाची बाटली. बाटलीभोवती पाण्याचं गोल वळं उमटलं होतं.

"माझा थोरला भाऊ पलीकडे गेला. तरंगायला केळीचा खुंट छातीशी धरून, पोहत. मी चौदा वर्षांचा. पोचला की बुडाला, आजतागायत कळलं नाही. आई रोज जायची. वाटी, भात, पान, सगळं तिचं. आधी नुसती बसायची. मग त्याच्या नावानं हाका मारायला लागली. पोरं जमायची बघायला, नकला करायची." तो छत्रीच्या मुठीकडे पाहत बोलत होता. "शाळेत विचारायचे, ती येडी तुझी कोण? मी म्हणायचो, शेजारची. एकदा पोरांनी तिची हाक काढून दाखवली, तेव्हा मीही हसलो. ती पायऱ्यांवर होती. तिनं पाहिलं."

"लहान होतात."

"लहान होतो ते हसलो तेव्हा. अकरा वर्षांपूर्वी मी बावन्न वर्षांचा होतो. पहिलीच सहल होती माझी. एका पाहुणीने आईच्या स्तूपासमोर उभं राहून विचारलं, हा कुणाचा? पाटी मी लावलेलीच नव्हती. समोर एवढे लोक, सगळे माझ्याकडे बघताहेत. मी म्हणालो, ठाऊक नाही, पण इकडे या, तो निळ्या वाटीचा बघा, त्याची एक गोष्ट आहे." त्याने मान हलवली. "कुणाला संशय येऊ नये म्हणून नाच घातला. प्रियकर घातला. लोक रडले. तेव्हापासून रोज."

"आणि ती इथेच? पाठीमागे?"

"पाठीमागे."

मालीवानने वाकून कापडी पिशवी उघडली. आत केळीच्या पानात बांधलेल्या गोड भाताच्या दोन पुड्या होत्या, दोऱ्याने एकमेकींना जोडलेल्या. एवढ्या वर्षांत गाठ सोडायची सवय गेली असावी, तिला वेळ लागला. शेवटी तिने दातांनी दोरा तोडला. एक पुडी निळ्या वाटीत ठेवली, हात जोडले, पुटपुटत काहीतरी बोलली. थोंगदीला त्यातलं एकच ऐकू आलं, "जाडं मीठ."

मग ती शेवटून तिसऱ्या स्तूपाकडे गेली. ऑस्ट्रेलियन माणसाची पिशवी उचलून तिने खाली जमिनीवर ठेवली. बाटली उचलली. पदरासारख्या घेतलेल्या स्कार्फच्या टोकाने पाण्याचं वळं पुसलं आणि दुसरी पुडी तिथे ठेवली.

"नाव काय त्यांचं?"

थोंगदीने इकडेतिकडे पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं.

"दुआंगता," तो म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "दुआंगता."

"बाई दुआंगता," मालीवान स्तूपाला म्हणाली, "हा तुमचा मुलगा."

विहाराच्या ढोलावर भिक्खूंच्या जेवणाचा ठोका पडला. पायऱ्यांवरून तिघे परत आले, घामाने निथळलेले. रस्त्यावरून सोमचित ओरडला, "दादा, नाचणारी मेली की नाही अजून? कोशिंबीर संपली असेल!"

डच तरुण बाटली शोधत आला. मालीवानने ती त्याच्या हातात दिली. तो आभार मानून वळणार, एवढ्यात त्याला कठड्यावरची हिरवी पुडी दिसली. स्तूपाला पाटी नव्हती, फोटो नव्हता. तो कुतूहलाने थोडा वाकला.

"आणि हा कुणाचा?" त्याने इंग्रजीत विचारलं.

ऑस्ट्रेलियन जोडपंही थांबलं. चौघेही थोंगदीकडे पाहू लागले. मालीवानने चष्मा घातला होता.

थोंगदीने छत्री पुन्हा फणसाला टेकवली.

"ही," तो म्हणाला. अकरा वर्षं रोज बोलत असलेल्या त्या भाषेत पुढचा शब्द त्याला सापडेना, आणि ते सगळे उन्हात, अनवाणी, थांबून राहिले.