पळतं दार

विद्यापीठाने भूगोलाचा विभाग ‘कालबाह्य’ म्हणून गुंडाळला. नकाशाशास्त्राच्या पंडिताने यापुढे दुकानदारांच्या वेबसाइटवरील नकाशांत चपला, चष्मे आणि कवळ्यांची चिन्हे रोवावीत, हा न्याय सरांनी थंडपणे स्वीकारला. पत्नी गेल्यावर त्यांनी जुने घर विकले. नव्या घरात बोलायला संगणकाखेरीज कुणी नव्हते, आणि तोही चूक झाली तरच तोंड उघडे.

अशात एके दिवशी लेकीचा फोन आला. आईच्या अंत्यविधीनंतर प्रथमच.

“बाबा, मीटिंगसाठी येतेय तिकडे. दुपारी तासभर मोकळी आहे. पत्ता सांगा.”

“पत्ता कसला? नकाशा पाठवतो.”

“झालं! घर नंबर, गल्ली सांगितली तर पदवी काढून घेतील का तुमची?”

सरांनी नेहमीप्रमाणे स्वतःचेच ऐकले. चिन्ह म्हणून त्यांनी जुन्या घराचे हिरवे दार रेखाटले, पितळी कडीसकट, आणि खाली जागा दाखवणारे टोक काढले. कोडमध्ये चित्राची रुंदी-उंची लिहिली. नकाशा पुरता जवळ आणून पाहिला. दार घरावरच होते. लिंक पाठवून त्यांनी दोन कप मांडले.

दुपारी फोन वाजला.

“बाबा, मी नदीपलीकडे उभी आहे. कुठे आहात?”

“मी अलीकडे! बाजाराच्या मागे.”

“अहो, मग दार इकडे का दाखवलंत? आणि आता नकाशा मोठा केला तर सरकत चाललंय की ते! जवळ जावं तसं पळतंय. तुमच्यावरच गेलंय.”

सरांनी कोड उघडला. चित्राचा कोणता बिंदू जमिनीवर टेकवायचा, हे सांगणारी एक ओळ राहिली होती. तिच्याविना कोडने दाराचा मध्य घरावर धरला होता, आणि टोक खाली लोंबत होते. नकाशा जवळ आणला की तो फरक चार पावलांचा, दूर नेला की थेट नदीपार. याच चुकीसाठी त्यांनी किती विद्यार्थी नापास केले होते!

“पुलावर गाड्या तुंबल्यात, बाबा. नाही जमणार आता.” मग ती म्हणाली, “दार ओळखलं हं मी. कडीसकट.”

त्यांनी ती ओळ लिहिली. आता कितीही दूर गेले तरी दार हलेना. मग नकाशा मिटून ते लेकीला साध्या शब्दांत पत्ता लिहू लागले: घर नंबर, गल्ली, दुसरा मजला. नव्या घराच्या दाराचा रंग लिहिताना मात्र बोटे अडली.

सर उठले आणि तो पाहायला बाहेर गेले. करडा होता.