साबणाचा गोळा

पृथ्वी वाचवायची तर सुरुवात न्हाणीघरापासून, असं सासऱ्यांचं ठाम मत होतं. घरातल्या सगळ्यांच्या साबणाच्या उरलेल्या चिपा ते जमवत, गरम पाण्यात भिजवत आणि दाबून त्यांचा एकच गोळा वळत. हिरव्या-गुलाबी ठिगळांचा तो गोळा वाटीत बुळबुळत बसे. त्यात कुरळे केस असत, सरळ केस असत आणि दिराच्या खरजेच्या मलमाचा वासही असे. नव्या साबणांच्या कपाटाची किल्ली सासऱ्यांकडे, म्हणून सून श्वास रोखून त्या गोळ्यानेच अंघोळ उरके.

पण आज तिच्या तान्ह्या लेकीची या घरातली पहिली अंघोळ होती, आणि सासऱ्यांनी तोच गोळा पुढे केला.

"मामंजी, बाळाला हा नको. नवा द्या."

"घरच्याच माणसांचा आहे. त्यात किळस कसली?"

"मग आधी तुम्ही तोंडाला लावून दाखवा."

सासऱ्यांनी तोऱ्यात गोळा गालांवरून, ओठांवरून फिरवला. जिभेला काहीतरी लागलं. चिमटीत धरून त्यांनी तोंडातून एक केस ओढला. तो संपता संपेना.

"हा... हा माझा नाही."

"अहो, तुमचा कसा असेल?" सासूबाई त्यांच्या टकलाकडे बघत म्हणाल्या.

सासऱ्यांनी थू थू करत गोळा वाटीत टाकला. त्यांनी धावत जाऊन कपाट उघडलं आणि दोन नवे साबण फोडले. एकाने स्वतःचं तोंड खसाखसा धुतलं, दुसरा सुनेच्या हातात दिला.

वेष्टनांचे कागद मात्र नीट घडी घालून खिशात ठेवले.