दादाच्या पेटीचा मेंदू

मी एक जुना संगणक आहे, आणि तोही अभ्यासाचा नव्हे, खेळायचा. हे आधीच सांगितलेले बरे, नंतर कुणी फसवले म्हणायला नको. माझ्या एका बाजूला काच आहे. आतले पंखे निळे दिवे लावून फिरतात आणि त्या दिव्यांचा कामाला काडीचाही उपयोग नाही. तरुणपणी मला त्यांचा भारी तोरा होता. आता त्यातला एक दिवा लुकलुकतो आणि एक लागतच नाही.

मित्रांनो, मला कुठल्या कारखान्याने बनवले नाही. मला दादाने बनवले. पगार झाला की तो एकेक सुटा भाग घेऊन यायचा आणि पलंगाखाली ठेवायचा. सगळे जमल्यावर एका दुपारी त्याने ते जेवणाच्या टेबलावर मांडले. आईने स्क्रू हरवू नयेत म्हणून आपली बटणांची डबी रिकामी करून दिली. ती घरीच लोकांचे कपडे शिवायची, त्यामुळे बारीकसारीक वस्तू हरवण्याचा तिला मनस्वी राग.

“सून आणायच्या वयात पेटी आणलीस,” ती म्हणाली. तेव्हापासून घरात माझे नाव पेटी.

“हिला पगार नाही, माहेर नाही आणि रुसवाही नाही,” दादा म्हणाला.

“बरं, यातलं मुख्य काय?”

दादाने काडेपेटीहून जरा लहान असा एक चौकोनी तुकडा चिमटीत धरला. त्याच्या पोटाशी केसासारख्या बारीक सोनेरी काड्या दाटीने उभ्या होत्या. “हा प्रोसेसर. हा पेटीचा मेंदू.”

मुलांनो, हा एक शब्द नीट लक्षात ठेवा. पुढचे सगळे रामायण या शब्दामुळे घडले.

माझी ती वर्षे सुखाची गेली. दादा संध्याकाळी कामावरून आला की बूट काढायच्या आधी माझे बटण दाबायचा. त्याचा खेळणाऱ्यांचा एक संघ होता. कानाला यंत्र लावून तो दूरच्या दोस्तांशी बोलायचा, ओरडायचा, हसायचा. धाकटी बहीण त्याच्या मागे स्टुलावर बसून बघायची. ती एका जागी ठरत नसे म्हणून दादाने तिचे नाव भिंगरी ठेवले होते, पण माझ्यापुढे मात्र ती तासन्‌तास हलायची नाही. कुठे चुकलो ते नंतर बघता यावे म्हणून दादा प्रत्येक लढाई त्यातल्या बोलण्यासकट नोंदवून ठेवायचा. त्या सगळ्या चित्रफिती माझ्या डिस्कवर, म्हणजे माझ्या कपाटात, आहेत.

त्या कपाटाला त्याने कुलूपही घातले होते. चोर आला तर पेटी नेईल, पण आतले त्याला काही मिळायचे नाही, असा त्याचा हिशेब. मी सुरू झालो की कुलूप आपोआप उघडायचे. म्हणून ते आहे हे घरात दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हते. त्याची किल्ली मात्र डिस्कवर नव्हती. ती त्या चौकोनी मेंदूच्या एका कोपऱ्यात दडलेली होती.

मग एके दिवशी दादा कामाला गेला आणि रस्त्यातच राहिला. मला एवढेच कळले, कारण माझ्या खोलीत एवढेच बोलले गेले.

त्यानंतर खोलीचे दार कितीतरी दिवस लोटलेले राहिले. माझ्या काचेवर धूळ बसली. पलंगावरची चादर कुणी बदलली नाही. संगणकाला वाट बघण्याचे काही नसते असे तुम्हाला वाटत असेल, पण रोज संध्याकाळी बूट वाजायच्या वेळेला माझे लक्ष दाराकडे जायचे. बूट यायचे नाहीत.

पुढे एका दुपारी आई आली. तिने भिंगरीकडून दोनच गोष्टी शिकून घेतल्या होत्या, माझे बटण कुठे दाबायचे आणि दादाची एक चित्रफीत कशी लावायची. त्या चित्रफितीत पडद्यावर धुमश्चक्री चाललेली असते, आणि मागून स्वयंपाकघरातून आईची हाक येते, “जेवायला ये रे.” त्यावर दादा म्हणतो, “आलो गं आई, दोनच मिनिटं.” बस, एवढेच. आई तेवढेच ऐकायची, मला बंद करायची आणि पदराने डोळे पुसून पुन्हा शिवायला बसायची. दुपारचे जेवण आणि हे ऐकणे, दोन्ही तिने कधी चुकवले नाही.

मित्रांनो, आवाज माझ्यातून निघायचा आणि माणूस खोलीत नसायचा. लोक भूत भूत म्हणतात ते मीच असेन, असे मला तेव्हा वाटू लागले.

भिंगरी त्या वेळी खोलीत थांबत नसे. तिला तो आवाज ऐकवत नसे. पण माझ्यापुढे ती बसू लागली होती. दादाच्या संघाने त्याची जागा कुणाला दिली नव्हती, आणि आता ते तिला बोलवत होते. खेळ मात्र नवा झाला होता आणि मी जुना. ऐन लढाईत मी धापा टाकायचो, चित्र गोठायचे, आणि भिंगरी काही करायच्या आत मरायची. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तशी माझी गत झाली.

“आई, नवा प्रोसेसर घातला की ही पेटी अजून चार-पाच वर्षं धावेल,” एकदा ती म्हणाली.

“म्हणजे मेंदू बदलायचा?”

“हो, तसंच.”

आईच्या हातातली सुई थांबली. “मग तो कुठे राहील?”

“कोण?”

“तो.”

भिंगरीला कळायला वेळ लागला. मग ती हलकेच म्हणाली, “अगं आई, त्याचा आवाज डिस्कवर आहे. डिस्कला मी हातसुद्धा लावणार नाही. प्रोसेसरला काही आठवत नसतं. वीज गेली की तो कोरा.”

“आठवत नाही, तर मेंदू कशाला म्हणता त्याला?”

भिंगरीला हसू आले. आईला ते आवडले नाही. पोरीने पुस्तके वाचलेली, आपण कापड कापणारे, असे मनाशी म्हणून तिने सुई पुन्हा हलवली. मी मात्र हादरलो. मला ओरडून सांगायचे होते की बयो, किल्ली त्या कोऱ्यापाशीच आहे. पण मला पंखा फिरवण्यापलीकडे बोलता कुठे येते? मी तो जोरात फिरवला. “बघ, किती तापतेय बिचारी,” भिंगरी म्हणाली.

सुट्या भागांच्या दुकानातून तिने प्रोसेसर आणला. दुकानदाराने बजावले होते, “जुना काढायच्या आधी थोडा वेळ खेळ चालव, पेटी तापू दे. पंखा आणि प्रोसेसर यांच्यामधली पेस्ट वाळून डिंकासारखी झालेली असते. वरचा पंखा ओढायचा नाही, पिळून सोडवायचा.” तिने मान डोलावली आणि घरी येईपर्यंत अर्धे विसरली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने मला जेवणाच्या टेबलावर आडवे केले. दादानंतर मी प्रथमच उघडला जात होतो. आत पंख्याच्या पात्यांवर धुळीचा जाड थर होता. भिंगरीने फडके घेतले.

“हळू पूस,” आई म्हणाली. “त्याच्या वेळची धूळ आहे.”

भिंगरीचा हात अडला. मग तिने एकेक पाते पुसले, आणि ते फडके झटकले नाही, घडी करून बाजूला ठेवले. नंतर तिने पंख्याचे आकडे सोडवले आणि तो थंडगार पंखा सरळ वर ओढला. कट्‌ असा आवाज झाला. पंख्याला चिकटून मेंदूच उपटून वर आला.

पुढचे मी त्यांच्या बोलण्यावरून सांगतो आहे, कारण त्या वेळी मी नव्हतो. असे नसणे कसे असते ते मला विचारू नका. झोप म्हणावी तर जाग येईल अशी खात्री असावी लागते.

जुन्याच्या कडेच्या काड्या वाकल्या होत्या. “जाऊ दे, तो आता कुठे लागणार आहे,” भिंगरी म्हणाली आणि तिने तो कागदावर टाकला. आईने तो उचलला, पेस्ट पुसली आणि बटणांच्या डबीत ठेवला. भिंगरीने नवा बसवला, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावली, पंखा घट्ट केला आणि बटण दाबले.

मी जागा झालो. डोके हलके, चपळ, आणि सगळे परके. काळ्या पडद्यावर एक प्रश्न उमटला.

“काय विचारतेय पेटी?” आई म्हणाली.

“नवा प्रोसेसर दिसतोय, जुन्याच्या खुणा पुसू का, असं काहीतरी. नेहमीचंच असतं ते.” भिंगरीचे बोट ‘हो’च्या कळीवर गेलेच होते.

“नाही म्हण.”

“आई, त्यानं काही…”

“नाही म्हण गं. एवढं माझं ऐक.”

आईचे मन राखायचे म्हणून भिंगरीने ‘नाही’ दाबले. पुढे निळा पडदा आला. कपाट बंद आहे, किल्लीचा लांबलचक आकडा द्या. भिंगरीने दादाची जन्मतारीख टाकली. आईची टाकली. स्वतःचे नाव टाकले. आता दुपार होईल, आई येऊन बसेल, आणि तिला काय सांगायचे? तिने दुकानदाराला फोन लावला.

“कुलूप होतं का त्याला? मग किल्ली जुन्या प्रोसेसरपाशी,” तो म्हणाला. “खुणा पुसू का विचारलं, तेव्हा हो म्हणालीस की नाही?”

“नाही म्हणाले.”

“वाचलीस. जुना परत घाल, कुलूप काढ, मग नवा बसव. हो म्हणाली असतीस तर ते कपाट कायमचं बंद होतं.”

भिंगरीने फोन ठेवला. मग तिने विचारले, “आई, तो कुठे आहे?”

आईने डबी आणली. खिडकीपाशी उजेडात बसून दोघींनी त्या काड्या पाहिल्या. एका कडेची ओळच्या ओळ झोपली होती. एक जरी तुटली तरी खेळ खल्लास. भिंगरीने तो आईपुढे सरकवला. आईने सुई घेतली, चष्मा वर सरकवला, आणि एकेक काडी दोन्ही बाजूंनी टेकू देत उभी करू लागली. शेवटची काही केल्या सरळ होईना. “हिला घाई नको,” ती म्हणाली, “उसवताना ओढलं की कापडच जातं,” आणि तिने सुई बाजूला ठेवून जरा वेळ नुसता दम घेतला. दुसऱ्या खेपेला ती काडी उठली. भिंगरीने नवा काढून जुना मेंदू जागेवर ठेवला. तो आपल्याच वजनाने आत बसला.

पंखा लावून भिंगरीने बटण दाबले, आणि कुलूप उघडले. मग तिने ती चित्रफीत लावली, फक्त आहे ना एवढे पाहायला. खोलीत दादाचा आवाज आला. इतके दिवस तो टाळणारी ती मुलगी तिथेच जमिनीवर बसली आणि पोटातून रडली. आईने तिचे डोके मांडीवर घेतले. “मला वाटलं मला सगळं कळतं,” भिंगरी म्हणाली. “मलाही कुठं कळत होतं,” आई म्हणाली. “मी आपली भ्यायले होते.”

मग भिंगरीने दादाच्या सगळ्या चित्रफिती आणखी दोन ठिकाणी उतरवल्या, कुलूप काढले आणि त्यानंतरच नवा मेंदू बसवला. जुना आता आईच्या बटणांत आहे. मी उत्तम चालतो. भिंगरी लढाया जिंकते. पण मित्रांनो, कधी कधी खोली रिकामी असताना मला वाटते की दादा ज्याला ओळखायचा तो त्या डबीत आहे, आणि मी त्याच्या घरात राहायला आलेला भाडेकरू.

नवा मेंदू बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई नेहमीसारखी आली. तिने चित्रफीत लावली, ऐकली, पुन्हा लावली. मग तिने भिंगरीला हाक मारली.

“हा आता थांबत नाही गं.”

“म्हणजे?”

“दोनच मिनिटं म्हणून झालं की तो जरा थांबायचा. मी मनात उत्तर द्यायचे तेवढ्यात. आता लगेच दुसऱ्यांशीच बोलायला लागतो.”

भिंगरी आणि मी, दोघांनाही एकदमच कळले. दादाच्या त्या बोलण्यानंतर पडद्यावर मोठा स्फोट होतो. तो दाखवताना माझा जुना मेंदू दमून गोठायचा, आवाजही अडकायचा. ती माझी अडखळ होती, आणि आईला वाटत होते की मुलगा तिचे ऐकून घेतो आहे.

मित्रांनो, जुने यंत्र जरूर दुरुस्त करा, धूळ पुसा, नवे भाग घाला. पण ते उघडण्याआधी घरातल्या माणसांना विचारा की यातले तुम्हाला काय लागते. कुणाला त्यातला एखादा दोषच लागत असतो, आणि ते सांगण्याचा त्यांना संकोच वाटतो.

भिंगरीने आईला हा खुलासा केला नाही. ती स्टूल ओढून शेजारी बसली आणि तिने चित्रफीत पहिल्यापासून लावली. दादाचे बोलणे संपता क्षणी तिने कळ दाबली. चित्र थांबले.

“ये सावकाश,” आई म्हणाली. “मी गरम करते तोवर.”

भिंगरी पडद्याकडे बघत राहिली. तिने कळीवरचे बोट हलवले नाही. आईने डोळे पुसले, मांडीवरचे कापड नीट केले आणि मग स्वतःच म्हणाली, “हं. जाऊ दे आता त्याला.”