दरबारी कोटाची बाही

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. आमचं शिवणकामाचं दुकान आहे आणि फटकळपणाशिवाय गिऱ्हाईक वठणीवर येत नाही. तीस वर्षं मी त्या दुकानात थोरल्या जाऊबाईंच्या हाताखाली काढली. कापणी त्यांची, शिलाई माझी. माणूस दारातून आत येतानाच त्यांना त्याचं माप कळायचं. टेप नुसता गळ्यात शोभेला.

आठ महिन्यांपूर्वी घात झाला. एका नवरदेवाच्या सुटाचं कापड कापताना त्या बाहीचा कापणीचा कागदी नमुना उलटा करायला विसरल्या आणि दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या निघाल्या. कापड शिल्लक नाही, लग्न तीन दिवसांवर. नवरदेवानं दुसरीकडून तयार सूट आणला. जाऊबाईंनी मात्र त्या दिवसापासून कापणीच्या टेबलाकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. “नजर गेली माझी,” एवढंच म्हणायच्या. पासष्टीची बाई बघता बघता नव्वदीची दिसायला लागली.

म्हणून मी ही उत्तरेची सहल ठरवली. आठ जणांचा ग्रुप, छोटी बस आणि एक टूर मॅनेजर. त्याचं नाव आम्ही पहिल्याच दिवशी ‘पंधरा मिनिटं’ ठेवलं. नदी असो, देऊळ असो, नाहीतर डोंगराएवढा दरवाजा असो, हा घड्याळ दाखवून म्हणणार, “चला, पंधरा मिनिटं!” जाऊबाईंना तीही जास्त व्हायची. सगळं जग ज्यासाठी धडपडत येतं त्या संगमरवरी घुमटासमोर त्या उभ्या राहिल्या, “छान आहे” म्हणाल्या आणि बसमध्ये जाऊन बसल्या. माझा नुसता जळफळाट झाला. पण बोलणार कोणाला?

चौथ्या दिवशी एका राजवाड्यातलं संग्रहालय होतं. तिथं काचेच्या कपाटात राजाचा दीडशे वर्षांपूर्वीचा दरबारी कोट उभा केलेला, जांभळ्या मखमलीचा, गळ्यापासून खालपर्यंत जरीकाम. गाइड रंगात आला होता.

“डावा खांदा बघा. लढाईत महाराजांना भाल्याची जखम झाली आणि खांदा कायमचा आखडला. शिंप्यानं त्या खांद्याला जपून बाही तिरकी लावली.”

आमच्या ग्रुपमधले रिटायर्ड हेडमास्तर ते वहीत उतरवून घेत होते. तेवढ्यात जाऊबाईंनी माझं मनगट पकडलं.

“धाकटे, बाह्या बघ.”

मी बघितलं. खरं सांगते, धड बघितलंच नाही. मनात म्हटलं, झालं! आता यांना जिथेतिथे बाहीच दिसणार. “ताई, चला पुढे. थोडं पाणी प्या,” मी म्हणाले.

त्यांनी माझं मनगट सोडलं आणि सरळ गाइडपुढे जाऊन उभ्या राहिल्या. “जखम वगैरे काही नाही, दादा. बाह्यांची अदलाबदल झालीय. डावी उजवीकडे लावलीय आणि उजवी डावीकडे.”

गाइड हसला. “आजी, हा महाराजांचा कोट आहे. तुमच्या गल्लीतलं दुकान नव्हे.”

आता मात्र माझं डोकं फिरलं. “गल्लीतल्या दुकानातून असली बाही गेली असती ना, तर गिऱ्हाइकानं तोंडावर फेकली असती!” मी बोलून गेले खरी, पण मलाही खात्री नव्हती. आज सगळ्यांदेखत या चुकीच्या ठरल्या, तर ही बाई पुन्हा कधी उभी राहणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

जाऊबाई शांत होत्या. “माणूस सरळ उभा राहिला की हात जरा पुढे झुकतो. बाहीही पुढेच झुकायला हवी. ही मागे ओढतेय, म्हणून दंडावर ही आडवी सुरकुती. आणि जखम डाव्या खांद्याला झाली म्हणता ना? मग उजवी का ओढते?”

सगळ्यांनी उजवीकडे बघितलं. सुरकुती होती. अगदी तशीच. हेडमास्तरांची पेन्सिल थांबली.

आवाज ऐकून आतून संग्रहालयातल्या कपड्यांची देखभाल करणाऱ्या बाई आल्या. चष्मा डोक्यावर, हातात मऊ ब्रश. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “माझ्या आधीच्या काळात अस्तर बदलायला बाह्या उसवल्या होत्या, एवढं नोंदीत आहे. पण उलट लागल्या कशावरून?”

“काखेपाशी आत खुणेचे टाके असतील,” जाऊबाई म्हणाल्या. “पुढच्या बाजूला दोन, मागच्या बाजूला एक. कोटाच्या अंगावरही आणि बाहीवरही, म्हणजे जोडताना चूक होत नाही. सगळेच घालतात असं नाही. पण ज्याच्या हातची ही शिलाई आहे, तो घातल्याशिवाय राहणार नाही. नंतर ज्यानं जोडल्या, त्याला ती खूण ठाऊक नसावी.”

बाईंनी किल्ली आणून कपाट उघडलं, हातमोजे चढवले, अस्तराची सुटलेली कड अलगद उचलून टॉर्च मारला. “अंगावर पुढे दोन टाके आहेत,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी टॉर्च बाहीच्या कडेवर वळवला. “आणि त्यांना भिडलाय बाहीवरचा एक.” त्या वळल्या. “आजी, तुमचं बरोबर आहे.”

अहाहा! काय सांगू तुम्हाला! मी त्या गाइडकडे असं बघितलं की बिचारा दोन पावलं मागे सरला.

बाईंनी वरिष्ठांना फोन करून परवानगी घेतली आणि आम्हा सगळ्यांना आतल्या खोलीत नेलं. लांबलचक टेबल, त्यावर पांढरा कागद, वर झुकलेला दिवा. “आजी, दोन्ही बाह्या उसवते. अदलाबदल करून कच्च्या टाचून द्याल? नीट बसतात का ते बघू.”

“आपल्याकडे पंधरा मिनिटं...” टूर मॅनेजरनं तोंड उघडलं.

“खाली बस!” हेडमास्तर गरजले. आवाज असा की मॅनेजर तर बसलाच, गाइडही बसला.

सुईत दोरा पहिल्या वेळी गेला नाही. मी मदतीला हात पुढे केला तर जाऊबाईंनी असे डोळे वटारले, की मला तीस वर्षांपूर्वीची मीच आठवले. दुसऱ्या वेळी दोरा गेला. मग त्यांचे हात चालायला लागले, जास्तीच्या कापडाचा झोल जिथल्या तिथे मुरवत, टाका टाक्याशेजारी ठेवत. कोट पुन्हा पुतळ्यावर चढवला आणि दोन्ही बाह्या सरळ खाली आल्या. सुरकुती औषधालाही उरली नाही. मघाशी वाकड्या, आता सरळ. आंधळ्यालाही फरक कळला असता.

टाळ्या पडल्या. गाइडनं चक्क हात जोडले. “आजी, दीडशे वर्षांनी महाराजांची जखम बरी केलीत.” तेव्हा मात्र जाऊबाई खळखळून हसल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

“धाकटे,” त्या मला म्हणाल्या, “माझी नजर गेली नव्हती गं. त्या दिवशी मी चुकले, एवढंच.”

मला रडू आवरेना. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “ताई, ‘त्यांची नजर गेलीय’ असं घरात पहिल्यांदा म्हणाले ती मीच होते. तुमच्या माघारी. आणि आजही मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही.”

जाऊबाईंनी हातातली सुई टेबलावर ठेवली.

“ठाऊक आहे मला. पातळ भिंतींचं घर आपलं, मी शेजारच्याच खोलीत होते.” त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात. “म्हणून तर आधी तुलाच दाखवलं. बाकीच्यांनी मानलं नसतं तरी चाललं असतं. तू मानायला हवं होतंस.”

“मानलं, ताई. शंभरदा मानलं.”

“मग डोळे पूस. किल्ला बघायचा राहिलाय.” त्या मॅनेजरकडे वळल्या. “आणि तिथं मला दोन तास लागतील. आधीच सांगून ठेवते.”

किल्ल्याला तीनशे पायऱ्या होत्या. मी निम्म्यावर दम खायला टेकले, तेव्हा त्या वरच्या बुरुजावरून मला हाका मारत होत्या.